पोरगा आत जाऊन आलाय आणि आता रॅप करतोय, काळजी करायची का?

हा प्रश्न घेऊन आया हल्ली बऱ्याचदा येतात म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पुण्यातल्या वस्तीत राहतात, चार घरी पोळ्या करतात. पोरगा 17 चा असताना मारामारीत सापडला, समोरच्या मुलाचा हात मोडला, मग बाल न्याय मंडळ, निरीक्षण गृह सगळं झालं आणि केस निकाली निघाली. आता 20 चा आहे, दिवसा गॅरेजला जातो, रात्री गच्चीवर रॅपचे व्हिडिओ बनवतो आणि फॉलोअर्स बऱ्यापैकी झालेत. ताई म्हणाल्या, "मॅडम, जे मी नातेवाइकांपासून लपवत आले ते हा जगाला गाऊन दाखवतोय, परत त्याच पोरांत जायचा का हो?"

त्यांना वाटत होतं मी त्याला रॅप सोडायला सांगेन. मी ते सांगत नाही, कारण ज्या पोराचं शाळेत, घरात, पोलीस चौकीत कुणी कधी पूर्ण ऐकून घेतलं नाही त्याला पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय, ते काढून घेतलं तर ऐकणारी दुसरी माणसं म्हणजे जुनी गँगच उरते. ताईंना मी मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचं सांगितलं, किशोरवयातल्या उनाडक्या आणि पोलीस कोठडी त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलीय आणि 2014 मध्ये वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर गाणं बनवून तो पुढे आला.

पोराला मात्र मी म्हटलं, तुझे व्हिडिओ तूच मला दाखव. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरात तीनशे सात, म्हणजे खुनाचा प्रयत्न. आता नवीन कायद्यात कलमाचा नंबर बदललाय पण पोरांच्या तोंडी 307 च आहे. आणि याच्यावर ते कलम कधी लागलंच नव्हतं! विचारलं तर खाली बघून म्हणाला, "मॅडम, नुसत्या मारामारीला कोण बघतंय." खरी काळजी करायची जागा ही आहे. लोक भाईला बघायला येतात, मग पोरगा जेवढा वाईट होता त्याहून वाईट होऊन दाखवतो, जुन्या गोष्टी संपल्या की नवीन आणायच्या कुठून, आणि कमेंटमध्ये कुणी डिवचलं की ते खरं करून दाखवायला रस्त्यावर उतरावं लागतं. पुण्यात कोयता घेऊन रील टाकणाऱ्या किती पोरांना पोलिसांनी उचललंय ते आपण वाचतोच.

तो म्हणाला गुची मेन पण जेलमध्ये होता. बरोबर आहे, अटलांटाचा हा रॅपर बंदूक बाळगण्याच्या केसमध्ये अमेरिकेच्या फेडरल तुरुंगात होता, मे 2016 मध्ये सुटला. पण बाहेर आल्यावर लोक चकित झाले ते त्याचं वजन उतरलेलं आणि कोडीनच्या कफ सिरपची नशा सुटलेली बघून, दोन महिन्यांत अल्बम आला, पुढच्या वर्षी आत्मचरित्र, तेही आत असतानाच लिहायला घेतलेलं. बदललं होतं ते रोजचं जगणं, गाणी त्याच्यामागून आली. आणि त्याच अटलांटात यंग थग या दुसऱ्या रॅपरच्या खटल्यात 2023 मध्ये जजने रॅपच्या ओळी पुरावा म्हणून मांडायला परवानगी दिली. हे ऐकून पोरगा गप्प झाला.

मग कायद्याचं बोललो, हे कुणी सांगतच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बहुतेक मुलांना नव्याने सुरुवात करायचा हक्क आहे, कलम 24 प्रमाणे त्या जुन्या प्रकरणामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, आणि कलम 74 प्रमाणे केस निकाली निघाली असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी सुद्धा तो रेकॉर्ड उघड करायचा नाही. (16 च्या पुढच्या मुलांचं अतिशय गंभीर गुन्ह्यात वेगळं असतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन नीट विचारा.) म्हणजे सरकारने जे झाकून ठेवलंय ते हा स्वतःच, तेही वाढवून, उघडं करत होता आणि दुसरीकडे पोलीस व्हेरिफिकेशन लागणाऱ्या ड्रायव्हरच्या नोकरीला अर्ज भरत होता.

तर तुमचा पोरगा गात असेल तर आधी ऐका. झालं ते सांगतोय का करून दाखवीन म्हणतोय? कुणाचं नाव घेऊन आव्हान देतोय का? व्हिडिओत मागे उभी असलेली पोरं कोण आहेत? सकाळी उठून कामाला जातो का? यातलं काही बिघडलं तर लगेच बोला, आणि ओरडून नको, त्याच्या शेजारी बसून.

या पोराने तीनशे सात काढलं. व्ह्यूज पडले, पार पडले, आठवडाभर चिडचिड केली पण गॅरेज सोडलं नाही. आता त्याने त्या हात मोडलेल्या मुलावर गाणं लिहिलंय, माफीचं. मी एवढंच म्हटलं की त्याला चालणार आहे का ते आधी विचार, कॅमेऱ्याशिवाय. मामांच्या मार्फत निरोप गेलाय, तिकडून अजून उत्तर नाही आणि तोपर्यंत गाणं टाकायचं नाही असं त्याने स्वतःच ठरवलंय.