साउदॅम्प्टनला शिडाच्या होडीत राहायचं म्हणताय, तर...

ऑक्टोबरात नोकरीसाठी साउदॅम्प्टनला येताय, बायको जानेवारीत येणार, आणि घरभाडं वाचवायला शिडाची होडी घेऊन त्यातच राहावं का, असं तुम्ही विचारलंय. नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेबद्दल वाचल्यापासून हे मनात आहे, असंही लिहिलंय. मी मूळची देवगडची. इथे नर्स आहे. नवरा आणि मी पाच वर्षं एका मरीनात, म्हणजे खासगी होड्या बांधून ठेवायच्या बंदरात, दहा मीटरच्या होडीत राहतोय.

भाडं वाचवायला येऊ नका. होडीची देखभाल करण्यात तुम्हा दोघांनाही आनंद वाटणार असेल, तरच या. सफर वेगळी आणि संसार वेगळा. दोंदे एकटे होते आणि मोहिमेवर होते. तुम्हाला रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जायचंय.

खर्चाचं आधी सांगते. मरीनाचं भाडं होडीच्या लांबीवर ठरतं. त्यावर विमा, वीज, हीटरचं डिझेल. शिवाय आम्ही दरवर्षी होडी क्रेनने बाहेर काढतो, तळ खरवडतो, शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून खास रंग लावतो, होडीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे झिजले की बदलतो. ते आठ-दहा दिवस एक तर शिडी चढून जमिनीवरच्या होडीत झोपायचं किंवा खोली बघायची. बऱ्याच मरीनांत कायम राहायला परवानगीच नसते, काहींत मोजक्याच होड्यांना असते. म्हणून होडीच्या आधी जागा शोधा, आणि 'बारा महिने राहिलेलं चालेल' हे लेखी घ्या. विमा कंपनीलाही स्पष्ट सांगा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते. पत्त्याचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. बँकेला मात्र लागतो, आणि पुढे मुलाच्या शाळेलाही लागेल.

होडी पाण्याबाहेर काढून, स्वतःच्या खर्चाने नेमलेल्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला माणूस नको. आमची तपासणी तशा माणसाने केली आणि डेक कोरडा असल्याचं लिहून दिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या वादळात डोलकाठीच्या तारा जिथे डेकमध्ये शिरतात तिथून पाणी थेट आमच्या अंथरुणावर. तो हिवाळा आम्ही बादल्या लावून काढला.

हिवाळ्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण लोक जूनमध्ये होडी बघून घेतात. जूनमध्ये उजेड सोळा तासांहून जास्त असतो, डिसेंबरात जेमतेम आठ तास. कोकणातला आषाढ मी बघितलाय, पण ती ओल उबदार असते. इथे बाहेरची थंडी आणि आतली ऊब भिंतीवर भेटतात, आणि श्वासाची, भाताची, ओल्या कपड्यांची सगळी वाफ पाणी होऊन ओघळते. गादीखाली लाकडी पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली नाही तर गादी खालून काळी पडते. माझ्या लग्नातल्या पैठणीला पहिल्याच वर्षी बुरशी आली. अजून मन हळहळतं. मौल्यवान साड्या घरीच ठेवून या. ओल शोषणारं मशीन अहोरात्र चालू ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळात साचतो, म्हणून प्रत्येक वेळी सिलिंडरचा कॉक बंद करायचा. यात आळस चालत नाही.

स्वयंपाक प्रेशर कुकरवर जमतो. सुकट भाजायची असेल तर उन्हाळ्यात, होडीच्या छताची सगळी झाकणं उघडून.

आता हे सगळं सोसून आम्ही इथे का राहिलो, ते सांगते. शुक्रवारी ड्यूटी संपली की दोर सोडायचे. साउदॅम्प्टनच्या भरतीची गंमत अशी की ती एकदा टिपेला पोचते आणि दोनेक तासांनी पुन्हा टिपेला येते, त्यामुळे पाणी बराच वेळ भरलेलं राहतं. मग ओहोटीच्या ओढीवर सोलंटची सामुद्रधुनी ओलांडून समोरच्या आइल ऑफ वाइट बेटाच्या न्यूटाउन खाडीत नांगर टाकायचा. इंजिन बंद केल्यावर चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे आवाज येतात. रात्री बिछान्यात पडलं की कानापासून दोन बोटांवर पाणी वाहत असतं. लहानपणी आजोबा पंचांग बघून उधाण कधी, भांग (लहान भरती) कधी ते सांगायचे. ती जाण मला इथे परत मिळाली. उधाणाच्या ओहोटीला मरीनातल्या तरंगत्या धक्क्यावर उतरायचा पूल शिडीसारखा उभा होतो, म्हणून किराणासुद्धा मी भरती बघून आणते. आठ वर्षं फ्लॅटमध्ये होते तेव्हा आज तिथी कोणती, हे मला एकदाही ठाऊक नव्हतं.

आणि शेजार. एका फेब्रुवारीत माझी रात्रपाळी होती, नवरा गावी होता, आणि वारा अचानक वाढला. सकाळी आले तर कुणीतरी आमचे दोर दुहेरी बांधून ठेवले होते. कुणी, ते आठवड्यानंतर कळलं. फ्लॅटमध्ये समोरच्या दाराचं नावही मला माहीत नव्हतं.

खासगी होडी चालवायला इथे परवाना लागत नाही, पण रॉयल याटिंग असोसिएशनचा 'डे स्किपर' अभ्यासक्रम करा. होडीवरून संपर्क साधायचा रेडिओ वापरायला मात्र प्रमाणपत्र लागतं.

माझं ऐकाल तर पहिले सहा महिने खोली भाड्याने घ्या. बायको आली की दोघांनी मिळून जानेवारीतच एखादी होडी आठवडाभर राहायला घ्या. त्यांना जमलं नाही तर विषय तिथेच सोडा, मन वळवत बसू नका. त्याआधी एखाद्या शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला या. सामान मऊ पिशवीत आणा, सूटकेस ठेवायला जागा नाही. आणि जमलं तर कोकमाच्या आगळाची एक बाटली.