झोनमाइंडर बसवताय? आधी मेमरीचा हिशेब करा

सोसायटीसारख्या ठिकाणच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्रण पाहायला-साठवायला वापरतात ते झोनमाइंडर हे सॉफ्टवेअर उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) बसवणं तसं सोपं आहे. पॅकेज घ्या, सोबत मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि अपाची हा वेब सर्व्हर लागतो. पीएचपीच्या (झोनमाइंडरची वेबपानं ज्या भाषेत चालतात ती) सेटिंगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' टाका, नाहीतर रात्रीचं चित्रण शोधताना वेळेचा घोळ होईल.

नवखे अडतात ते मेमरीपाशी. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम 32-बिट रंगात साधारण 8 एमबी घेते. बफरमध्ये (फ्रेम तात्पुरत्या ठेवायच्या जागेत) 50 फ्रेम ठेवल्या की एका कॅमेऱ्यामागे 400 एमबी गेले. ही जागा 'शेअर्ड मेमरी'तून (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या रॅमच्या भागातून) जाते आणि लिनक्स तिला बहुधा निम्मीच रॅम देतं. म्हणजे 4 जीबीच्या मशीनवर चार कॅमेरे कसेबसे चालतात, पाचवा जोडला की गळपटतं. मग लोक उगाच कॅमेऱ्याला आणि केबलला शिव्या घालतात! बफर कमी करा, किंवा सरळ रॅम वाढवा. चित्रणासाठी वेगळी डिस्क हवीच. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला मुख्य भाग) भरलं की डेटाबेसही आडवा होतो.

अपग्रेडच्या वेळी आधी सेवा थांबवा, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि कॉन्फिग (सेटिंगची) फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा, मगच पॅकेज बदला. नवं पॅकेज आलं तरी डेटाबेसची रचना जुनीच राहिली, तर सेवा उठणार नाही. अशा वेळी झोनमाइंडरची स्वतःची अपडेट स्क्रिप्ट चालवा. आणि उबुंटूची आवृत्ती त्याच दिवशी बदलू नका. काय बिघडलं ते कळायला दोन्ही वेगवेगळं केलेलं बरं, तेही सोसायटीची मीटिंग नसेल त्या आठवड्यात.