मोटारींच्या छायाचित्रणासाठी फुल फ्रेमच हवा का?

प्रश्न : माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा जुना एपीएस-सी कॅमेरा (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, फुल फ्रेमपेक्षा लहान असते) आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. उभ्या मोटारी आणि शर्यतीतल्या धावत्या मोटारी, दोन्ही टिपण्याची मला आवड आहे. फुल फ्रेम बॉडीशिवाय (बॉडी म्हणजे लेन्स वगळून उरलेला कॅमेरा) मासिकात शोभतील अशी छायाचित्रे येणार नाहीत, असे मित्र म्हणतात. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : उभ्या मोटारीपुरते तरी ऐकू नये. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, तर एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमीचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २.३ पट, आणि त्याचा खरा उपयोग उजेड कमी असून शटर वेगवान ठेवावे लागते तेव्हा होतो. मोटार उभी आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर ठेवून शटर हवे तितका वेळ उघडे ठेवता येते. शिवाय तिरक्या कोनातून पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल, तर एपीएस-सीवर एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो वाढला की छिद्र लहान होते) जे साधते, त्यासाठी फुल फ्रेमवर एफ/१२ च्या आसपास जावे लागते आणि मोठ्या सेन्सरने मिळवलेला प्रकाश तिथेच खर्ची पडतो.

उभ्या मोटारीचे छायाचित्र बिघडते ते बहुधा प्रतिबिंबांमुळे. काळ्या मोटारीच्या दारात ट्रायपॉडचे तीन पाय आणि त्यामागे वाकलेले आपण स्वतः, हे घरी संगणकावर पाहताना प्रथम लक्षात येते! पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिरता फिल्टर, हळूहळू फिरवत पाहावा. समोरची काच स्वच्छ होते त्या क्षणी बोनेटवरची चकाकी कायम असते, कारण दोन्हींचे कोन वेगळे असतात, त्यामुळे कशाला महत्त्व द्यायचे ते आपणच ठरवायचे. टफन्ड काचांवर पोलरायझरमुळे इंद्रधनुषी चट्टे उमटतात, तेही तपासावे. लेन्स १८ मिमीवर ठेवून जवळ गेल्यास बंपर फुगतो आणि मागचे चाक बारीक दिसते. त्याऐवजी ५५ मिमीवर जाऊन मागे सरकावे.

धावत्या मोटारीसाठी मात्र बॉडीची निवड महत्त्वाची आहे, पण तिथेही सेन्सरच्या आकारापेक्षा तो किती झपाट्याने वाचला जातो याला अधिक किंमत आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. हे वाचन मंद असेल तर चाकाचे आरे वाकडे येतात आणि पॅनिंग करताना, म्हणजे मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत टिपताना, मागचे खांब कलतात. काही नव्या बॉडींमध्ये यांत्रिक शटर नसतेच, म्हणून ते आहे की नाही हे आधी पाहावे. आपल्या बॉडीत ते असेल आणि ऑटोफोकस मोटारीचा माग सोडत नसेल, तर पैसे ७०-२०० मिमीच्या लेन्सवर घालावेत. एपीएस-सीवर तिची चौकट फुल फ्रेमवरच्या १०५-३०० मिमीइतकी होते. पॅनिंगची सुरुवात १/१२५ सेकंदाने करून, हात बसल्यावर १/६० पर्यंत उतरावे. फुल फ्रेमचा विचार अंधार पडल्यानंतरच्या शर्यती नियमित टिपायच्या असतील तेव्हाच करावा.

प्रश्न : छपाईसाठी २४ मेगापिक्सेल पुरतील का?

उत्तर : पुरतील. ६००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र इंचाला ३०० पिक्सेल या दराने २० × १३ इंचांचे छापता येते, म्हणजे ए-४ आकाराच्या मासिकाची समोरासमोरची दोन पाने भरून थोडे उरतेच.