बँकॉकला येताय? आधी अक्षरं, मग बोलणं

तुम्ही विचारलंय की ऑफिस दोन-तीन वर्षांसाठी बँकॉकला पाठवतंय, मुलगी पहिलीत जाईल, तर थाई शिकायची की फोनवरच्या भाषांतरावर भागेल? आणि तिथे एकटेपणा वाटतो का? व्हिसा आणि दर 90 दिवसांची नोंद यांचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडून देते.

बोलणं मागाहून आलं तरी चालेल, लिपी मात्र विमानात बसण्याआधी शिका. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची आपल्याला सवय. थाई माणूस तसं करत नाही. रोमन अक्षरांतल्या थाईला इथे ‘काराओके भाषा’ म्हणतात आणि ती फारशी कुणी वापरत नाही, कारण त्यात सूर हरवतात. ‘क्लाय’ सपाट सुरात म्हटलं तर लांब, उतरत्या सुरात म्हटलं तर जवळ! त्यामुळे लाईन या चॅट ॲपवरचे ग्रुप, फेसबुक, शॉपी हे खरेदीचं ॲप, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, बिल्डिंगची ‘उद्या पाणी बंद’ची नोटीस, सगळं थाई लिपीत.

आपल्याला ही लिपी इतरांपेक्षा सोपी जाते. व्यंजनं 44, पण क्रम आपलाच: क-वर्ग, च-वर्ग, आणि शेवटाकडे चक्क ळ. खेळाला ‘कीला’ म्हणतात, तो पालीतला ‘कीळा’. लिहितात ळ, म्हणतात ल. उच्चार मात्र सरकलेत. ग चा ख, द चा थ, ब-भ चा फ. भाषा झाली ‘फासा’, गुरू ‘ख्रू’, धनागार ‘थनाखान’ म्हणजे बँक. अर्थ गृहीत धरू नका: ‘महाविथयालय’ म्हणजे विद्यापीठ, ‘आकात’ म्हणजे हवा. रोज अर्धा तास दिलात तर दीड-दोन महिन्यांत अक्षरं बसतात. शिकताना दोन्ही वळणं बघा. पुस्तकातल्या अक्षरांना गोल डोकी असतात, जाहिरातींतल्या फॉन्टमध्ये ती छाटलेली. तिथे ‘र’ इंग्रजी एससारखा आणि ‘ब’ यूसारखा दिसतो, आणि शिकलेला माणूसही गडबडतो.

टाइप करताना आपल्या हाताची सवय आड येते. ‘कि’ लिहिताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी. थाईत ए, ओ, आय यांची चिन्हं व्यंजनाच्या डावीकडे असतात आणि आधीच दाबायची असतात. त्यात एक खोडी आहे. ‘ॲ’चं चिन्ह वेगळी कळ आहे, पण ‘ए’ची कळ दोनदा दाबली तरी हुबेहूब तसंच दिसतं. डोळ्याला फरक नाही, शोधात मात्र काहीच सापडत नाही. दुकानाचं नाव बरोबर लिहूनही मिळत नसेल तर आधी हे तपासा.

भाषांतर का फसतं? शब्दांमध्ये जागा नसते, कर्ता गाळलेला असतो, आणि टोपणनावं म्हणजे साधे शब्द: मू म्हणजे डुक्कर, नोक म्हणजे पक्षी. शाळेच्या ग्रुपवर मग वाचायला मिळतं, ‘डुक्कर उद्या येणार नाही, पक्ष्याला ताप आहे.’ कुणी 555 लिहिलं तर घाबरू नका. पाचाला ‘हा’ म्हणतात, म्हणजे हाहाहा. बायका वाक्याच्या शेवटी आदराने लावतात ते ‘खा’ विधानात एका चिन्हासह आणि प्रश्नात चिन्हाविना. थाई लोकही यात चुकतात आणि त्यावरून एकमेकांना झाडतात.

तारखा बुद्ध संवतात, म्हणजे 543 मिळवा. 2026 म्हणजे 2569. दुधावर कधी 26 असतं, कधी नुसतं 69.

कागदपत्रांत खरा ताप नावाचा. पासपोर्टवरून प्रत्येक कारकून आपल्या कानाने थाईत लिहितो. शब्दाच्या शेवटचा ल तिथे न होतो आणि स चा त: अनिल ‘आनिन’, विलास ‘विलात’. वर्क परमिटवर एक, बँकेत दुसरं, शाळेत तिसरं, मग हे सगळे आपणच हे पटवत बसा. थाई स्पेलिंग एकदा ठरवा, कागदावर छापून खिशात ठेवा, आणि प्रत्येक खिडकीवर तोच पुढे करा.

शाळेचं लिहिताना डोकं अजून तापतं. परदेशी मुलांच्या थाईच्या तासाला रंग, फळं आणि गाणी, वर्षामागून वर्ष. ‘वाचायला कधी शिकवणार?’ हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. नुसतं ‘थाई आहे ना आमच्याकडे’ ऐकून फी भरू नका. आणि स्वतःला ‘पुढच्या महिन्यात शिकू’ म्हणत राहू नका. तशी वर्षं जातात, मग बाजारात मुलगीच बोलते आणि आपण पिशवी धरून मागे उभे. लाज वाटते, पण सवयही होते. सवय जास्त वाईट.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पुढे.

फोनवर थाई कीबोर्ड आजच टाका. मांडणी ‘केतमनी’ची निवडा, सगळे तीच वापरतात. पहिला शब्द स्वतःचं नाव लिहा आणि एखाद्या थाई माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.