जुळ्यांतला एक गर्भ थांबवायचा असेल, तर आधी वार (प्लॅसेंटा) पाहा

प्रश्न : सुनेला जुळी आहेत. तेराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत एका गर्भाची कवटीच तयार झाली नसल्याचं निघालं. त्याला थांबवलं तर दुसऱ्याला धोका किती? (एक वाचक, मालवण)

रिपोर्टमध्ये ‘डायकोरिऑनिक’ की ‘मोनोकोरिऑनिक’, हे आधी शोधा. पहिल्यात दोघांची वार वेगळी, दुसऱ्यात एकच. दोघांमधला पडदा वारेला मिळतो तिथे त्रिकोणी जाडी दिसली तर वार वेगळी. पातळ पडदा काटकोनात टेकला असेल तर एक. हे 11 ते 14 आठवड्यांतच स्वच्छ दिसतं, पुढे कठीण होतं. रिपोर्टात उल्लेख नसेल तर केंद्रात परत जाऊन लिहून घ्या.

वार वेगळी असेल तर सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून त्या गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड देतात. ठोके थांबल्याची खात्री झाल्यावरच सुई काढतात. यानंतर सगळी गर्भधारणाच जाण्याचा धोका साधारण 5 ते 8 टक्के. 15 आठवड्यांच्या आत केलं तर कमी. पाणी जाणं, रक्त जाणं, ताप, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सुनेचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं, हे हमखास विसरलं जातं.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. अशा बाळाला गिळता येत नसल्याने त्याच्या पिशवीत पाणी वाढू शकतं, मग कळा लवकर येऊन निरोगी बाळ कमी दिवसांचं जन्मतं. वाट पाहायची तर पाण्यावर लक्ष हवं.

आणि एक : सून सज्ञान आहे, तेव्हा संमतीची सही तिची एकटीची लागते. घरच्यांनी माहिती गोळा करावी, निर्णय तिचा.

प्रश्न : पत्नीला 18वा आठवडा, वार एकच, एका बाळाची वाढ खुंटली आहे. तिला गर्भ थांबवण्याचं इंजेक्शन चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. का? (एक वाचक, राजापूर)

बरोबर सांगितलं. एकाच वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. औषध दुसऱ्यात जाऊ शकतं. शिवाय एकाचं हृदय थांबलं की दुसऱ्याचं रक्त त्याच्याकडे ओढलं जातं. त्यात दुसरं दगावतं किंवा त्याच्या मेंदूला इजा होते. म्हणून इथे नाळेतला रक्तप्रवाहच बंद करतात : रेडिओफ्रिक्वेन्सी सुईने किंवा बायपोलर चिमट्याने. तरीही उरलेलं बाळ वाचण्याचं प्रमाण साधारण 75 ते 85 टक्केच.

पण लगेच तिथवर जाऊ नका. लहान बाळाच्या नाळेचा डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) बरा असेल तर नुसती देखरेखही पुष्कळदा पुरते. रक्ताची असमान वाटणी, म्हणजे टीटीटीएस, असेल तर लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करून दोघांनाही संधी देता येते. मुंबई-पुण्याच्या फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या उपचारांच्या) तज्ज्ञाला याच आठवड्यात दाखवा. व्यंग नसताना कायद्याची मर्यादा लवकर आडवी येते. 24 आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठीच वैद्यकीय मंडळ परवानगी देतं. मुलगा-मुलगी पाहून निवड करणं गुन्हा आहे.

नाळ बंद केली तर लगेच घाट उतरून घरी येऊ नका. उरलेल्या बाळाला रक्त कमी पडलं का, हे दुसऱ्या दिवशी डॉपलरने पाहतात; चार-सहा आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय.

प्रश्न : थांबवलेला गर्भ काढावा लागतो का? (एक वाचक, दापोली)

नाही. तो आकसत जातो आणि बाळंतपणात वारेबरोबर पडतो. एवढ्यासाठी सिझेरियन लागत नाही. मात्र नंतर एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी चाचणी) करून पैसे घालवू नका. त्या गर्भाचा डीएनए रक्तात राहून निकाल चुकवतो.