मुलाने मित्राला बँक खातं वापरायला दिलं, आता खातं गोठलंय

प्रश्न : माझा मुलगा 20 वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. ओळखीच्या एका मुलाने 'ऑनलाइन कामाचे पैसे यायचे आहेत, माझ्या खात्याची लिमिट संपली' असं सांगून त्याचं बचत खातं, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम महिनाभर वापरायला घेतलं. बदल्यात 8 हजार रुपये दिले. आता खातं गोठवलंय. बँक म्हणते, पोलिसांना विचारा. परराज्यातल्या सायबर पोलिसांची म्हणून एक नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे. त्यात पुढच्या आठवड्यात हजर राहायला सांगितलंय. शिवाय 'पैसे भरा, खातं दोन दिवसांत सुरू करून देतो' असे फोन येत आहेत. खात्यातून 1 लाख 40 हजार फिरले असं दिसतं. तेवढे भरून प्रकरण मिटवावं का? मुलगा घाबरून मोबाइलमधलं सगळं पुसून टाकतो म्हणतोय. त्याच्या वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. आधी मुलाला त्या मोबाइलमधलं काहीही पुसू देऊ नका. मित्राशी झालेलं बोलणं आज त्याला तोंड लपवायला लावतंय, पण त्याला फसवून खातं घेतलं गेलं हे दाखवणारं त्याच्या हातात दुसरं काहीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 प्रमाणे पुरावा नाहीसा करणं हाच एक वेगळा गुन्हा आहे. पुसलेलं तपासात पुष्कळदा परत मिळतं आणि मग अधिकारी विचारतो, तुझ्या मनात काही नव्हतं तर पुसलंस का? या प्रश्नाला उत्तर नसतं. चॅटचे स्क्रीनशॉट काढून तुमच्याकडे ठेवा आणि मूळ फोन आहे तसा जपा.

आता खातं का गोठलं ते. कुणीतरी फसवला गेला आणि त्याने 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. त्या तक्रारीवरून पैसा कुठून कुठे गेला याचा माग काढतात आणि वाटेतल्या प्रत्येक खात्याला लगाम लावतात. तुमच्या मुलाचं खातं त्या वाटेत आलं. पोलीस अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात, म्हणजे भाड्याने घेतलेलं खातं. खरा चोर स्वतःच्या नावावर एक रुपयाही घेत नाही. तो अशीच कॉलेजातली, बेकार, गरजू मुलं शोधतो, आणि शेवटी पोलिसांच्या कागदावर नाव याच मुलांचं येतं. मला या प्रकारात सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

मुलगा गुन्हेगार ठरतो का? खोटा धीर देणार नाही. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318, फसवणुकीने मिळालेला माल घेणं किंवा ठेवणं याचं कलम 317, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड अशी कलमं या प्रकरणांत लागतात. पण 317 मध्ये कायदा विचारतो की पैसा गैरमार्गाचा आहे हे त्याला माहीत होतं का, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण होतं का. फसवणुकीच्या कलमातही त्याचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. नुसतं खातं नावावर आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. तुमच्या बाजूने त्याचं वय, मित्राने दिलेलं कारण आणि ते कारण ज्यात लिहिलंय ती चॅट. दुबळी बाजू म्हणजे ते 8 हजार. काहीही न करता पैसे का मिळतात हा प्रश्न मनात यायला हवा होता, असं सरकारी वकील म्हणणारच. म्हणून ते 8 हजार लपवू नका. जबाबात स्वतःहून सांगा आणि जमा करायची तयारी दाखवा. तपासात ते बाहेर आले तर मुलाच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

नोटिशीकडे वळू. ती खरी आहे की नाही हे आधी ठरवायला हवं, कारण खोट्या पोलीस नोटिसा पाठवून पैसे उकळणाऱ्या टोळ्याही आहेत. नोटिशीवरच्या नंबरला फोन करू नका. त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढा आणि गुन्हा क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव पडताळा. तुमच्या जवळच्या सायबर पोलीस ठाण्यातही हे विचारता येतं. पडताळणी होईपर्यंत व्हिडिओ कॉलवर कुणी 'डिजिटल अटक' म्हणालं तर सरळ फोन ठेवा. असा अटकेचा प्रकार आपल्या कायद्यात नाही.

नोटीस खरी निघाली तर तिच्यावरचं कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास, अटक आणि जामीन कसा चालावा हे ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम 94 असेल तर कागदपत्रं मागितली आहेत, 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, 35(3) असेल तर मुलगा संशयित आहे. 35 च्या नोटिसा व्हॉट्सॲपवरून बजावणं ग्राह्य नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. पण त्याचा आधार घेऊन घरी बसू नका. वकिलामार्फत ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर लेखी कळवा की नोटिशीबद्दल कळलंय, सहकार्य करू, नोटीस रीतसर बजावावी, आणि परीक्षा किंवा प्रवासाची अडचण असेल तर वेगळी तारीख द्यावी. 35(3) च्या नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो त्याला, अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. हे कवच हजर राहणाऱ्यालाच मिळतं.

तरीही अटकेची भीती खरीच वाटली तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामीन आहे. गुन्हा दुसऱ्या राज्यात असला तरी आपल्या भागातल्या सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून मर्यादित काळाचं संरक्षण मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. जबाबाला जाताना मुलाने एक लक्षात ठेवावं : खोटं एक अक्षर नाही, आणि जे माहीत नाही त्याबद्दल अंदाज नाही. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ने दिलाय, पण तो कुठे वापरायचा हे वकिलाशी बसून आधी ठरवा.

1 लाख 40 हजार भरून टाकू का, असं विचारलंत. आईच्या जिवाला असंच वाटणार. तरी तक्रारदार म्हणून फोन करणाऱ्याला थेट एक पैसाही देऊ नका. तो खरा तक्रारदार आहे हे तुम्हाला कळणार नाही, दिलेला पैसा गुन्ह्याच्या कागदात दिसणार नाही, आणि उद्या तीच कबुली म्हणून पुढे येईल. काही रक्कम भरायची झाली तर ती न्यायालयात किंवा न्यायालयाच्या आदेशाने, पावतीसकट. 'खातं सुरू करून देतो' म्हणणारे तर सरळसरळ दुसऱ्यांदा लुटायला बसलेत. त्यांचे नंबर 1930 वर कळवा.

खातं मोकळं करण्याचा रस्ता वेगळा आहे. बँकेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. कोणत्या ठाण्याच्या, कोणत्या तक्रार क्रमांकावरून, किती रकमेसाठी आणि कोणत्या तारखेच्या व्यवहारावर हा होल्ड आहे, हे विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. बँक खातं ही पोलिसांना जप्त करता येणारी 'मालमत्ता' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात ठरवलंय. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली जप्ती केली की तिचा अहवाल पोलिसांनी लगेच दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. तो पाठवलाय का हे तुमचे वकील बघतील. मग त्याच संहितेच्या कलम 503 खाली त्याच न्यायालयात अर्ज करता येतो : वादातली रक्कम अडवून ठेवा, बाकीचं खातं चालू द्या. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये असाच, वादग्रस्त रकमेपुरताच होल्ड ठेवायचा आदेश दिला होता. शिष्यवृत्ती किंवा तुम्ही पाठवलेली फी त्यात अडकली असेल तर पासबुकातल्या त्या नोंदी अर्जाला जोडा.

सिम अजून त्या मुलाकडेच असेल तर आजच बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या. एटीएम कार्डही ब्लॉक करा. मुलाच्या नावावर आणखी किती नंबर चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच तक्रार नोंदवा. आणि तुमच्या ठाण्यात त्या मित्राविरुद्ध लेखी तक्रार द्या. परराज्यातले पोलीस दारात येण्याआधी दिलेल्या तक्रारीला वजन असतं. ते आल्यावर दिलेली तक्रार पश्चातबुद्धी ठरते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर मोफत वकील मिळतो.

राहिले मुलाचे वडील. त्यांना आजच सांगा, आणि तुम्ही नको, मुलानेच सांगू दे, तुम्ही शेजारी बसा. रागावतील. पण पोलीस घरी आले तर दार बहुधा तेच उघडतील, आणि जामिनाची वेळ आली तर जामीनदार म्हणून न्यायालयात उभं राहायला तुम्हाला त्यांचीच गरज लागेल. त्या दिवशी त्यांना हे पहिल्यांदा कळायला नको.