आईवडील दोघेही लठ्ठ असतील तर मुलं लठ्ठ होणारच का?

होणारच असं नाही, पण शक्यता नक्कीच जास्त असते. माणसामाणसांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला साधारण 40 ते 70 टक्के भाग जनुकांमुळे असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. ‘एकाच घरात तेच खातात म्हणून सगळे जाड’ एवढ्याने भागत नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा 1986 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा: मोठेपणी त्यांची शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळली, सांभाळणाऱ्यांशी नाही.

अर्थात, कुणा एका जनुकाचं हे काम नाही. शेकडो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. त्यातलं सर्वांत चर्चेतलं एफटीओ. त्याच्या धोकादायक प्रकाराच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) असलेल्यांचं वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलोच जास्त भरतं. यातली बरीच जनुकं मेंदूत काम करतात, म्हणजे भूक किती लागते आणि पोट भरल्याचं कधी कळतं हे ठरवतात. म्हणूनच लठ्ठ माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अनेकदा त्याला भूकच जास्त लागत असते.

नियमित हालचाल करणाऱ्या प्रौढांमध्ये एफटीओचा परिणाम सुमारे पाव हिश्श्याने कमी दिसतो, तेव्हा व्यायाम वाया जात नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: बाळाचं वजन पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढत असेल आणि भूक भागतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. लेप्टिनची, म्हणजे पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या संप्रेरकाची, जन्मजात कमतरता फार दुर्मीळ आहे, पण तिच्यावर इंजेक्शनचा चांगला उपचार आहे.